कडू कुठून येतं

९ जानेवारी

भुंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ड्रॉवरमध्ये ढकलशील, असं हे म्हणतात. मी म्हटलं, फोडेल. सहा वर्षं बोलला नाही म्हणून चौकसपणा थोडाच जातो? दुसऱ्याच्या नावाची पाकिटं दिव्यापुढे धरून बघणारा मुलगा तू.

आधी मुद्द्याचं सांगते. मला एक आजार झालाय. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. निरोप येईनासा झाला की स्नायू नुसता बसून राहतो आणि सुकतो. कुणाचं हातापासून सुरू होतं, कुणाचं पायापासून. माझं जिभेपासून झालं. हसायचं तर हस, मीही हसले. औषधी सिरपच्या कारखान्यात चव बघायच्या कामावर तीस वर्षं मला सगळे 'जीभ' म्हणून हाक मारतात आणि आजाराने नेमकी तीच धरली.

पण गंमत ऐक. चव शाबूत आहे. चव कळवणाऱ्या नसा वेगळ्या आणि जीभ हलवणाऱ्या वेगळ्या, हा आजार फक्त हलवणाऱ्यांच्या मागे लागतो. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना इतके प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट दार वाजवायला लागले.

बोलणं मात्र जड झालंय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटलं, बाई सकाळीच टाकून आल्या. त्याने सुटे पैसे माझ्या तळहातावर दोनदा मोजून दाखवले. फोनवर तुला माझं निम्मंही कळणार नाही, म्हणून पत्र. हात अजून ठणठणीत आहेत.

गैरसमज नको, मी काही तह करायला लिहीत नाहीये. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू कुठून तरी ती औषधाची बाटली आणलीस आणि मी थेंब जिभेवर ठेवून सांगितलं, जळकी साखर, रंग आणि पाणी. आजही तेच सांगेन. बाबांनी ती पुन्हा तोंडाला लावली नाही आणि तू म्हणालास, माझ्या जिभेने त्यांची आशा खाल्ली. तुझं म्हणणं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी.

मग लिहितेय कशाला? मला एक प्रश्न पडलाय आणि तो विचारायला तुझ्याशिवाय माणूस नाही. मला एक गोळी सुरू केलीय. तिने आजार बरा होत नाही, जरा हळू होतो. मी विचारलं, हळू झाला हे मला कळणार कसं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला नाही कळणार. तू आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त करतोस. मला सांग, जवळ दुसरं वजन नसेल तर काटा बरोबर चाललाय की नाही हे कसं ओळखायचं?

ताई

५ फेब्रुवारी

भुंग्या,

कार्ड मिळालं. "कळत नाही. प्रमाण वजन लागतंच. तुला गिळता येतं का?" सहा वर्षांनी तीन वाक्यं. शब्दांना कधीपासून जकात बसली तुझ्या गावात? पण मी ते कार्ड यांना दोनदा वाचून दाखवलं.

गिळता येतं. पाणी जरा त्रास देतं, ठसका लागतो. दाट पदार्थ सरळ जातात. पाण्याला घट्ट करणारी एक पूड मिळते, तिची चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आहे. ज्याने ती बनवली त्याला माझ्या हाताखाली महिनाभर ठेवायला हवं होतं.

आता गोळीचं. तिचं नाव रिलुझोल. दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी, आणि अधूनमधून यकृत ठीक आहे ना म्हणून रक्त काढतात. गिळायची, चावायची नाही, असं बजावून सांगितलेलं. मला तेवढंच पुरलं. एक गोळी मोडली आणि तुकडा जिभेवर ठेवला. आधी कडू, मग जरा वेळाने जीभच गायब. दातांच्या डॉक्टरने सुई मारल्यासारखी बधिर. यांनी चहा पुढे केला तर तो गरम आहे की गार तेच कळेना. संध्याकाळपर्यंत सगळं परत आलं, पण डॉक्टरीणबाईंनी जी हजेरी घेतली ती विचारू नकोस. पेशंटला शहाणपण कमी असेल तर चालतं, जास्त असलं की पंचाईत होते, म्हणाल्या.

ती गोळी करते काय, तेही विचारून घेतलं. नसांच्या टोकांशी ग्लुटामेट म्हणून एक द्रव्य असतं, त्याच्यामार्फत पेशी एकमेकींना हाका मारतात. हाका फार झाल्या की पेशी दमून मरतात असा अंदाज आहे, आणि ही गोळी तो कालवा जरा कमी करते. ग्लुटामेट! अरे, सिरपच्या आधी सुपाच्या कारखान्यात होते तेव्हा पुड्यांना चव यावी म्हणून मी तेच डबे भरभरून ओतलंय. मी घाबरून विचारलं, म्हणजे मी हे स्वतःच ओढवून घेतलं का? त्या हसल्या. खाल्लेलं तिथवर पोचत नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. बरं वाटलं, पण थोडी निराशाही झाली. एवढी सरळ गोष्ट हाती लागली असती.

आणि आता खरी बातमी. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे आणि मला त्यात घेतलंय. गोळी चालूच ठेवायची, वर हे सिरप. अजून नाव नाही, नुसता नंबर. निम्म्या लोकांना खरं सिरप, निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं. कुणाला काय हे आम्हालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. जुलैअखेर ही फेरी संपली की सगळ्यांना खरंच देणार. तुझ्या कार्डावरचं प्रमाण वजन ते हेच, खोटं पिणारी माणसं. मला फार आवडलं.

आता कपाळावर हात मारून घे. कडू औषधाची चव लपवणं आणि खऱ्याच्या जोडीला तसंच खोटं बनवणं, हे काम मी तीस वर्षं केलंय. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ते असं.

ताई

२० मार्च

भुंग्या,

तू विचारतोस, सिरप चाखलंस का. हा काय प्रश्न झाला?

पहिल्या दिवशी नाही चाखलं, खोटं कशाला सांगू. डोळे मिटून घटकन गिळलं. खेळाचे नियम पाळावेत असं मनापासून वाटत होतं. पण रोज एक चमचा तोंडात येणार आणि मी काही बघणार नाही, हे म्हणजे सोनाराने दागिना हातात घेऊन वजनाचा अंदाज करायचा नाही म्हटल्यासारखं. आठवडाभरात मी चमचा जिभेवर थांबवायला लागले.

आमच्या धंद्यात असं असतं. खऱ्या औषधाचा कडूपणा ओबडधोबड. तो उशिरा येतो, मध्येच धातूसारखा लागतो, गेला वाटतो आणि परत येतो. तो लपवायला आपण गोडी घालतो, संत्र्याच्या सालीचं तेल घालतो, किंचित मीठ घालतो. मीठ कडूला मारतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि खोटं बनवायचं तर उलटं काम. साखरेच्या पाण्यात एक कडू पूड घालायची. इतकी कडू की चिमटीने पिंप नासतं. तिचा कडूपणा गोल, गुळगुळीत, सगळीकडून सारखा. एकदा ओळखला की जन्मात विसरणार नाही.

माझ्या बाटलीत ती पूड आहे. पहिल्यांदा शंका आली, मग तीन आठवडे रोज तपासलं. उपाशीपोटी, चहाआधी, कोमट पाण्याने चूळ भरून. गोल कडू, कुठे कोपरा नाही, मागून काही येत नाही. माझ्या वाट्याला खोटं आलंय.

यांना सांगितलं. ते लिफ्ट दुरुस्त करणारे, बंद पडलेल्या गोष्टीशी वाद घालत नाहीत. म्हणाले, "मग कशाला जायचं तिकडे? दर महिन्याला दोन बसगाड्या बदलायच्या, रक्त द्यायचं, नळीत फुंकायचं, ते काय साखरेच्या पाण्यासाठी?"

मी दोन दिवस विचार केला. सोडणार नाहीये. एक म्हणजे खोटं पिणारं कुणी नसेल तर खऱ्याची परीक्षा कशी व्हायची? तूच लिहिलंस. दुसरं, ऑगस्टपासून मला खरं मिळणार. आणि तिसरं ऐकशील तर वेडी म्हणशील. मला बरं वाटतंय. या महिन्यात माझं बोलणं आणखी घसरलं, पण ते औषध न घेता घसरलंय. औषधाची पाळी अजून यायचीच आहे.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. त्यांना कळून उपयोग नाही, उगीच त्यांची झोप जाईल.

ताई

१८ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र आलं, या वेळी दोन पानं. मे महिन्यात तुला रजा मिळतेय आणि तू यायचं म्हणतोस. फोनची सवय गेली, पत्रात तुझा आवाज येत नाही, समोर बसून तुझी बोलणी खायची आहेत, असं लिहिलंस. ते वाक्य मी यांना वाचून दाखवलं नाही. आत जाऊन एकटीनेच पुन्हा वाचलं.

येऊ नकोस. म्हणजे आत्ता येऊ नकोस.

नीट ऐक, रागाने लिहीत नाहीये. आत्ता आलास तर तुला रोज थोडी थोडी कमी होणारी ताई दिसेल. पंधरा दिवस राहशील आणि जाताना आलास तेव्हापेक्षा वाईट ऐकून जाशील. ऑगस्टमध्ये माझं खरं औषध सुरू होतंय. दोनेक महिने त्याला देऊ. मग ये, ऑक्टोबरात. तेव्हा जिथे थांबले असेन तिथे असेन, पण थांबलेली असेन. दवाखान्याच्या बाकावर एक शाळामास्तर भेटतात, त्यांना वाटतं की त्यांची बाटली खरी आहे. जानेवारीत होते तसेच आहेत म्हणतात, पायऱ्या चढून दाखवतात. मी त्यांच्याकडे बघते आणि मला माझा ऑक्टोबर दिसतो.

शिवाय मला लाज वाटते रे. 'स' आणि 'र' गेले. तुझं नाव मात्र अजून म्हणता येतं, 'ग' जरा अडकतो.

रजा पुढे ढकल. तुझ्या साहेबाला सांग, बहिणीचा हुकूम आहे.

ताई

१४ जून

भुंग्या,

रजा पुढे गेली ते बरं झालं. चिडलास हे अक्षरावरून कळलं, कागद फाटेपर्यंत पेन दाबलंयस. चिडका होतासच.

तू विचारलंस म्हणून सांगते, लपवत नाही. आता माझं बोलणं फक्त यांना कळतं. सिस्टरना कळत नाही, हे मध्ये बसून सांगतात. गंमत म्हणजे जन्मभर हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलायचा, आता माझीही त्यांनाच बोलावी लागतात. परवा मी डॉक्टरीणबाईंना एक लांबलचक प्रश्न विचारला आणि यांनी तो "ती विचारते, का?" एवढ्यात उरकला. मी मांडीवर चापट मारली.

प्रश्न असा होता. दुसरी एक औषधाची जात आहे, सलाईनमधून देतात, पंधरा दिवस रोज आणि मग पंधरा दिवस सुट्टी. आणि आणखी एक आहे, ते पाठीच्या कण्यात टोचतात, पण एका ठरावीक जनुकात बिघाड असलेल्यांनाच. माझं रक्त तपासलं, माझ्यात तो बिघाड नाही. म्हणजे आजार एकच म्हणतात, पण कुणाचा कशामुळे ते वेगळं. मग एका बाटलीने सगळ्यांचं कसं भागेल? बाई म्हणाल्या, हाच प्रश्न सगळ्यांना पडलाय. मला एकदम त्यांच्या खुर्चीच्या बाजूला बसल्यासारखं वाटलं.

महिन्याच्या परीक्षेत गुण कमी झालेत. बोलणं, गिळणं, लिहिणं, जिना, अशा प्रत्येकाला गुण असतात. लिहिण्यात पैकीच्या पैकी. बोलण्यात तळाला. तरी मी उदास नाही, खरंच सांगते. हे सगळं पाण्यावर चाललंय. पाण्यावर इतकी टिकले तर औषधावर काय होईल, याची मला भारी उत्सुकता आहे.

ऑक्टोबरात तुझ्यासाठी मागची खोली मोकळी करतोय. यांनी तिथले लिफ्टचे जुने सुटे भाग बाहेर काढले, निम्मे परत आत नेले.

ताई

२९ जुलै

भुंग्या,

काल फेरी संपली. शेवटी सिस्टरने विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला कोणतं मिळालं? सगळ्यांनाच विचारतात. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, खोटं. किती खात्रीने, असं विचारलं. मी लिहिलं, पूर्ण. तिने मान वर न करता खूण केली. नवी बाटली दिली. ही सगळ्यांना खरीच.

रात्री झोप नव्हती. लहानपणी सहलीच्या आदल्या रात्री व्हायचं तसं. सकाळी चूळ भरली, खिडकीपाशी बसले, यांनी चमचा दिला.

तेच होतं.

गोल, गुळगुळीत, तीच पूड. मागून काही आलं नाही. पाणी घेतलं, थांबले, पुन्हा एक थेंब घेतला. काही फरक नाही. यांना वाटलं ठसका लागला, पाठ चोळायला लागले.

आधी वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. यांनी दवाखान्यात फोन केला. नंबर बरोबर होता. मग दिवसभर डोकं चालवलं आणि संध्याकाळी उमगलं. भुंग्या, आम्ही तीस वर्षं खोट्याला खऱ्यासारखं करत आलो. या चाचणीवाल्यांनी खऱ्याला खोट्यासारखं केलंय. कडू पूड दोन्ही बाटल्यांत सारखीच घातली, इतकी की खऱ्याचा स्वतःचा कडूपणा तिच्याखाली बुडून जावा. इतकं सोपं! माझ्यासारख्या कुणीतरीच हे केलं असणार. कुठल्या तरी कारखान्यात बसून तिने विचार केला असेल की एखादी आगाऊ बाई चमचा जिभेवर थांबवेल. तिला भेटायला आवडेल मला. शाबासकी द्यावी की भांडावं, ते तिथे गेल्यावर ठरवेन.

म्हणजे माझी बाटली खोटी होती की खरी, हे मला कधीच कळलेलं नव्हतं. माझी चार महिन्यांची खात्री पोकळ होती. डॉक्टरीणबाई म्हणतात, ही शेवटची तुकडी होती, कुणाला काय मिळालं ती यादी लवकरच उघडतील.

तोवर काही लिहू नकोस. मला विचार करवत नाही.

ताई

२१ ऑगस्ट

भुंग्या,

यादी उघडली. माझी बाटली खरी होती. जानेवारीच्या शेवटापासून, पहिल्या चमच्यापासून.

आणि शाळामास्तर खोटं पीत होते.

रडले. खूप रडले. आवाज येत नाही म्हणून यांना बाहेरच्या खोलीत कळलं नाही. मग मीच भिंत वाजवून बोलावून घेतलं. आजार वाढला म्हणून नाही रडले, तो वाढणार हे माहीत होतं. माझ्यापाशी एक ऑक्टोबर होता, तो गेला म्हणून रडले. औषधाची पाळी यायची आहे म्हणत मी निवांत बसले होते आणि ती पाळी चालूच होती.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. मी पाटीवर लिहिलं, म्हणजे मला लागू पडलं नाही? त्या म्हणाल्या, "खरं घेणाऱ्यांची घसरण सरासरीने जराशी हळू झाली. तुम्हालाही लागू पडलं असेल. लागू पडलं तर ते असंच दिसतं."

मी लिहिलं, नसतं घेतलं तर?

"ती बाई आम्हाला भेटली नाही," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तिचाच विचार करतेय. औषध न घेतलेली मी. कदाचित एप्रिलमध्येच तिचं तोंड बंद झालं असेल. कदाचित तिला आता पेनही धरता येत नसेल. कदाचित ती अगदी माझ्यासारखीच असेल. तिला एकदा बघायला मिळालं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं. बाटली मी चालू ठेवणार आहे. पुढे काय होतं ते बघायचंय.

आता तुझं. मे महिन्यात मला अर्धं तरी बोलता येत होतं. तू आला असतास तर तुझ्या कपड्यांना, तुझ्या पोटाला, तुझ्या सहा वर्षांच्या रागाला, सगळ्याला नावं ठेवली असती आणि तू 'स' आणि 'र' जागच्या जागी भरून घेतले असतेस. मी तुला थांबवलं. गेल्या आठवड्यापासून आवाज पूर्ण गेलाय. काल एकटी असताना तुझं नाव म्हणून बघितलं. नुसता श्वास आला.

थांबलेली ताई कुणी येणार नाही, भुंग्या. ऑक्टोबरची वाट बघू नकोस, साहेबाची रजा बघू नकोस. जी आहे ती अजून लिहिते, ऐकते, भांडते आणि तू येशील तेव्हा दारात उभी राहू शकते. पत्र मिळेल त्या दिवशी निघ.

ताई